माउस कोंडणारा माणूस

बेळगावातला माझ्या ओळखीचा वेबसाइटवाला गिऱ्हाइकाचा माउस आधी शेपटीला धरून ड्रॉवरमध्ये कोंडतो; न दिसणाऱ्याला साइट नुसत्या कीबोर्डवर चालवता यायला हवी, म्हणतो. टॅबचं बटण दाबून दाबून त्यानं कीबोर्डात विहीर पाडलीय.

माझ्या काजूच्या दुकानाची साइट तपासायला त्यानं नंदगडच्या अंध आक्कांना बसवलं. त्यांना कुणाच्या मदतीशिवाय काजू मागवायचे होते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यांचा संगणक नुसता "चित्र, चित्र, बटण" बोलत राहिला. आक्का अडकल्या.

"फोटो तर झकास हैत की," मी म्हणालो.

"डोळं झाकून घे बघू काजू," म्हणत त्यानं माझ्या तोंडावर टॉवेल टाकला.

आठ दिवस साइट रोखून त्यानं प्रत्येक चित्राला, बटणाला नाव दिलं. मग आक्कांनी एकटीनं दोन किलो मागवले. ऑर्डरच्या खाली त्यांची सूचना होती: "पुतण्याला सांगू नये. आजवर तोच मागवायचा आणि निम्मे खायचा."