बाबांचा डावा हात

संध्याकाळी पाय भरून आले होते. शनिवार पेठेतल्या माझ्या सलूनमध्ये नेहमी येणाऱ्या एका कॉलेजच्या पोराने पार्सलमधून आलेला स्वस्त वस्तरा पुढे केला. "काका, चेक करा ना, चांगला आहे का?"

मी नकळत पात्यावर नखाने टिचकी मारली आणि जुन्या बाजारातली लहानपणची एक सकाळ आठवली.

गोणपाटावर वस्तऱ्यांचा ढीग होता. बाबा एकेक उचलून टिचकी मारत आणि कानाशी धरत.

"अहो, जर्मन पोलाद आहे," विकणारा वैतागून म्हणाला.

"मग जर्मनीलाच परत पाठवा," बाबा म्हणाले.

शेवटी एक पातं खणखणीत वाजलं. धार बघायला बाबांनी डावी बाही वर सारली. रोज वस्तरा तपासून तपासून त्या हातावर एक केस उरला नव्हता. चारचौघांत मला त्या तुळतुळीत हाताची लाज वाटली होती.

आज मीही बाही वर सारली. हातावर दाट केस होते. कित्येक वर्षं मी गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड अडकवतो आणि टाकून देतो. पातं पुन्हा वाजवलं. आवाज चांगला की वाईट, ते ओळखू येईना.

वस्तरा मिटून पोराला परत दिला. "मला नाही रे कळत यातलं."