चोच घासणार नाही

मुत्या कडकडून चावायचा आणि महानंदाकाकू हात मागे घ्यायच्या नाहीत. उदगीरला त्यांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी हे पाहिलं. बोटातून रक्त आलेलं आणि बाई ढिम्म. मीच किंचाळले, "अहो काकू, सोडवा ना त्याला!"

"वरडू नगंस बाई," त्या म्हणाल्या. "तू वरडलीस की त्येला वाटतंय, लई मोठं काम केलं. आन् हात वडला की कळतंय, चावलं की मानूस पळतंय." मग त्यांनी त्याला सावकाश पिंजऱ्यात ठेवलं आणि तोंड फिरवून बसल्या. रागावणं एवढंच.

कानडीत मुत्या म्हणजे आजोबा. हा आजोबा मुठीत मावेल एवढा हिरवा लव्हबर्ड, नुकती पिसं फुटलेला. लेकीने हैदराबादहून आणून दिला होता. ते वर्ष दुष्काळाचं. टँकर आला की गल्लीत घागरींची मारामारी, आणि काकू मुत्याची वाटी विसळून भरणार! बायका बोलायच्या, "माणसांना पानी न्हाई आन् पाखराचे लाड बघा."

"माझ्या वाटनीचं हाय. मी आंघोळ केली न्हाई. वास येत आसंल तर नाक दाबा."

घरमालक अप्पांनी एकदा पिंजऱ्यात बोट घातलं. मुत्या काय सोडतोय! अप्पांनी अख्खा वाडा डोक्यावर घेतला. "त्येची चोच घासून बोथट करा, न्हाईतर पाडव्याला खोली खाली करा." खरी गोम वेगळीच होती. उदगीर जिल्हा होणार, साहेबलोक येणार, भाडी वाढणार, या हिशेबाने अप्पांना खोल्या मोकळ्याच हव्या होत्या. नवऱ्यामागे काकूंना त्या एका खोलीशिवाय कुठे जागा नव्हती.

"चोच घासनार न्हाई," काकू म्हणाल्या. "शिकवीन."

लिंगायताची बाई. लहानपणापासून रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करायची, तेव्हा हात तसूभरही हलवायचा नाही, ही सवय. पूजा झाली, लिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात अडकवलं, की त्याच तळहातावर राळ्याचे दाणे ठेवून त्या पिंजऱ्यापुढे बसायच्या. जाऊबाई लातूरहून आल्या, बघून भडकल्या. "ज्या हातावर लिंग, त्याच हातावर पाखरू? बाटवलं की सगळं!"

"देवाला चालतंय. तुला चालत नसंल तर तिकडं तोंड कर."

मुत्या आधी पळायचा, मग चावून पळायचा. हळूहळू दाणा उचलून पळू लागला. एक दिवस तळहातावर बसून निवांत खाऊ लागला, तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस का? भ्यालं होतं गं लेकरू. भ्यालं म्हनून चावत होतं." मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पाडव्याला अप्पा आले. मुत्या काकूंच्या हातावर. अप्पांनी बोट पुढे केलं, वाड्यातले सगळे भोवती जमलेले. मुत्याने बोट चोचीत धरलं, जिभेने चाचपलं, सोडलं आणि परत दाण्यांकडे वळला. मी तर टाळीच वाजवली.

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. "चावत न्हाई, पर कालवा लई करतंय," ते म्हणाले. "खोली खालीच करा."

काकूंनी मुत्याला पिंजऱ्यात ठेवलं, कडी लावली, पदर खोचला आणि अप्पांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"अप्पा, त्येला मी शिकवलं. मला चावू नको म्हनून कुनी शिकवलेलं न्हाई."

अप्पा चपला घालून निघून गेले. मनात होतं तरी परत खोलीचं नाव काढलं नाही. काकू त्या खोलीतून निघाल्या त्या थेट मेल्यावरच; आणि लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवूनच नेलं, ताठ. अप्पा दाराशी हात जोडून उभे होते.