जाड अक्षरातले बाबा

बाबांच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स करायचं काम भावाने अंगावर घेतलं, तेव्हाच मी अमरावतीहून निघायला हवं होतं. भावाला स्वतःच्या रुचीचा भारी गर्व. अकोल्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पिवळी-लाल अक्षरं वाकडीतिकडी नाचत असतात, ते त्याला गावंढळ वाटतं. "आपल्याले सोबर पाहिजे," असं तो दुकानात सांगून आला. फ्लेक्सवाल्याला सोबर एकच माहीत, श्रद्धांजलीचं. पांढऱ्यावर ठसठशीत काळी अक्षरं, मधोमध फोटो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' काढून त्याने 'अभीष्टचिंतन' टाकलं. आमच्या बंधूंनी ते मोबाइलवर पाहिलं आणि 'मस्त' म्हणून कळवलं.

फ्लेक्स चौकात लागला. सकाळी दूधवाल्याने दारात वहिनीला हळूच विचारलं, "काका कवा गेले?" काका आत चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

त्या दिवसापासून बाबांचं फिरणं बंद, जेवण अर्ध्यावर. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून मलाच बोलावलं. मी समजावलं, की डोळा आधी जाड काळं अक्षर बघतो, अर्थ मागून वाचतो. ही भीती निव्वळ सवयीची आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कूस बदलली. इतका निरुपयोगी विषय मी आयुष्यभर शिकवते आहे! वर भाऊ म्हणतो, "बाबा उगाच टेन्शन घेऊन राहिले." मोठा शहाणा लागून गेला.

शेवटी मीच दुकानात जाऊन बसले आणि बारीक, गोलसर अक्षरं लावून घेतली, हिरव्या रंगात. वाढदिवसाला बाबा त्या नव्या फ्लेक्सखाली बसले. पाहुण्यांचं लक्ष जेवणाकडे. बाबा मात्र बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे अक्षर चांगलं हाय. मरनाचं भेव नाही मले. पन मेल्यावर हा तुहा भाऊ मले चौकात तसाच बोंबलत लावन, याचीच काळजी लागली होती. तवा हेच अक्षर लावजा."

भाऊ मागेच उभा होता, त्यानेही ऐकलं. त्याने तिथल्या तिथे दुकानात फोन लावला आणि बाबांच्या देखत, मोठ्या आवाजात सांगितलं, "ते हिरवं डिझाइन डिलीट करू नका बरं. अजून लागन."