क्लॉक कुणाचा चालणार?

निवृत्त माणसांनी काही करायचं ठरवलं की काम जमो न जमो, किस्से मात्र जमत जातात. आमच्यातले बरेचसे माझ्यावरच आहेत, तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावण्याआधी मीच सांगून टाकतो.

परभणीत सिराजभाईंचं साउंड सिस्टिमचं दुकान आहे. तिथे दर शनिवारी मी आणि गायकवाड बसतो. दोघंही एकाच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो. पीएचडी मी आहे. लोक विचारतात मात्र गायकवाडांना!

•

वालूरचे सुदामराव आले. रानडुकरं सोयाबीन उकरतात, आवाजानं पळवता येतील का, हे विचारायला.

"गायकवाड सर हायत का?"

मी समोरच बसलो होतो! म्हणालो, "मी आहे ना. मीही तेच शिकवायचो."

"बरं बरं," सुदामराव खुर्ची ओढत म्हणाले, "मग बसू की दोघं. येतेलच सर."

•

उपाय मी सुचवला. गायकवाड म्हणतात, दोघांनी मिळून. असेल. एकाच पट्टीतल्या आवाजाची डुकरांना सवय होते, म्हणून आवाज सतत खालून वर सरकत राहायला हवा. हे काम डीडीएस नावाची चिप करते. क्लॉकच्या ठोक्यावर ती मोजत राहते आणि त्या मोजणीतून हवी ती लहर तयार करते.

हे मी सिराजभाईंना कागदावर आकृत्या काढून समजावलं. ते म्हणाले, "साब, चाय मंगाऊं क्या?"

गायकवाड म्हणाले, "सिराजभाई, क्लॉक म्हणजे बँडमधला ढोलवाला. तो थांबला की सगळा बँड गप्प."

"अरे, ऐसा बोलो ना!"

हेच उदाहरण मी वर्गात द्यायचो! निदान द्यायचो असं मला आठवतं.

•

दोघांनी एकेक पेटी बनवली. दुकानात सुदामरावांसमोर दोन्ही वाजवल्या. माझ्या आवाजाच्या पायऱ्या जरा मोठ्या राहिल्या होत्या. तो टप्प्याटप्प्यानं वर जात होता. गायकवाडांचा मात्र सलग.

सुदामराव डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "ह्या सरांचा आवाज जिना चढायलाय, अन् त्या सरांचा पतंगावानी वर जायलाय."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, म्हणजे कुणाला शंका नको!

•

त्याच आठवड्यात घरातला मिक्सर बंद पडला. बायको म्हणाली, "गायकवाड भाऊजींना एक फोन लावा ना."

"अगं, मी इलेक्ट्रॉनिक्सचा पीएचडी आहे!"

"म्हणूनच म्हणते."

•

तापलं की क्लॉकला ठोका देणाऱ्या क्रिस्टलचा वेग किंचित सरकतो आणि परभणीच्या उन्हाबद्दल मी काही सांगायला नको. मी त्यावर तीन पानी गणित मांडलं, दोनदा तपासलं, चिन्ह चुकलंय असं वाटून तिसऱ्यांदा तपासलं. ते घेऊन दुकानात गेलो, तर गायकवाडांनी क्रिस्टलभोवती थर्मोकोल लावून टाकला होता.

सिराजभाई येईल त्या गिऱ्हाईकाला तो थर्मोकोल दाखवत होते!

•

शेताच्या दोन टोकांना दोन पेट्या ठेवल्या. संध्याकाळी एकदमच सुरू केल्या, पण सकाळी बघावं तर एकीचा आवाज वर, दुसरीचा खाली, आणि मधल्या वावरात नुसता कालवा. कितीही चांगले असले तरी दोन क्लॉक अगदी सारखे चालत नाहीत. उपाय सोपा होता. दोन्ही पेट्या केबलनं जोडायच्या आणि एकाच क्लॉकवर चालवायच्या. प्रत्येक पेटीत एक पिन असते. ती डावीकडे लावली की पेटी स्वतःच्या क्लॉकवर चालते. उजवीकडे लावली की केबलमधून येणाऱ्या, समोरच्या पेटीच्या क्लॉकवर.

आता क्लॉक कुणाचा चालणार?

"माझा चालू द्या," गायकवाड म्हणाले. "थर्मोकोल आहे."

"माझा चालू द्या," मी म्हणालो. "गणित आहे."

शनिवारमागून शनिवार गेले. ज्याचा क्लॉक त्याची पेटी मुख्य, आणि वालुरात नावही त्याचंच होणार! मी तर आरशासमोर उभा राहून मुद्दे घोकत होतो. शेवटी सिराजभाई वैतागले, "दोनों नवरदेव बनके घोडे पे बैठे! मंडप में नवरी कौन बनेगा?"

सुदामरावांचा फोन आला, "सर, शेंगा भरायल्यात. डुकरं काय तुमची मीटिंग व्हायची वाट बघनार न्हाईत."

•

मग आम्ही वालूरला गेलो. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. केबल अंथरली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला गायकवाड, मध्ये सिराजभाई. त्यांनी हात वर केला, आम्ही बटणं दाबली.

काहीच नाही! दोन्ही पेट्या मुक्या.

"का हो सर, बोलंना का?" सुदामरावांनी विचारलं.

सिराजभाई धावत आले, माझी पेटी उघडली. पिन उजवीकडे. तसेच पळत गायकवाडांकडे गेले. तिथून ओरडले, "इधर भी उजवीकडेच हाय!"

सगळ्या गावादेखत गायकवाड आणि मी वावरातून चालत चालत मध्यावर आलो.

"सर," गायकवाड हळूच म्हणाले, "मी आज सकाळीच बदलली."

"मी काल दुपारी!" मी म्हणालो.

गायकवाडांनी चष्मा पुसला.

"ठरवलं मात्र मी परवाच होतं."