डाव्या हाताची बोरं

आमच्या घरात भूत होतं आणि ते मीच होतो, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (तिला माझ्याबद्दल संशय आहेत, पण ते वेगळ्या विषयांवरचे.)

तेव्हा आम्ही जळगावात राहत होतो. आई, थोरले भाऊ नाना आणि मी. मी रोज तालमीत जाणारा, मिशीला पीळ देणारा गडी होतो आणि मला क्रोशाचं विणकाम येत होतं. या दोन गोष्टी एकाच देहात नांदतात हे कळलं असतं, तर तालमीतल्या मंडळींनी मला लुगडं नेसवून गावभर मिरवलं असतं! दोष हिवतापाचा. एका पावसाळ्यात मी अंथरूण धरलं. नानांच्या पहिल्या बायकोनं, म्हणजे मोठ्या वहिनींनी, माझं कण्हणं ऐकून ऐकून शेवटी क्रोशाची सुई माझ्या हातात कोंबली. ''घ्या भाऊजी, हे करा. पण ते रडगाणं थांबवा!''

त्या धुळ्याच्या. माहेरी असताना एका मडमेकडून बोरांची वीण शिकलेल्या. विणीच्या एकाच घरात पाच उभे टाके, म्हणजे खांब, घालायचे, सुई काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यातून ती पुन्हा घालायची आणि सुटा टाका त्यातून ओढायचा. ओढला की पाचही खांब पोट फुगवून वर येतात, चांगलं टपोरं बोर होतं! मी बरा झालो आणि हे सगळं विसरल्याचं सोंग केलं. पुढच्याच वर्षी मोठ्या वहिनी तापानं गेल्या. पाळण्यावर घालायची बोरांची चादर अर्धी राहिली.

नानांचं दुसरं लग्न झालं. चोपड्याहून धाकट्या वहिनी आल्या. रिवाजाप्रमाणे त्यांच्या गळ्यात सवतीचा टाक घातला आणि तिला अक्का म्हणायला सांगितलं. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर मेलेल्या सवतीची मूर्ती. सणाला पहिलं पान त्या टाकाला, नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं. आठवडाभरात आईनं ट्रंकेतून ती अर्धी चादर काढली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. ''पुरी कर. मोठीचं काम अर्धं राहायला नको.''

ती परीक्षाच होती. ही सून मोठीच्या जागी बसायला लायक आहे की नाही, ते आता चादर ठरवणार!

बिचाऱ्या वहिनी जिवाचं रान करत. पण त्यांची बोरं बसकी, वाळकी, बकऱ्यांनी चघळून टाकल्यासारखी. उसवायच्या, पुन्हा घालायच्या. आई येता-जाता चादरीवर हात फिरवी आणि काही न बोलता निघून जाई. ते बोलण्यापेक्षा वाईट.

आमच्याकडची वैशाखातली दुपार ज्यानं पाहिली आहे, त्याला रात्रीची भीती वाटत नाही. दारं-खिडक्या लावून सगळं गाव मेल्यासारखं पडलेलं. रस्त्यावर ऊन एकटंच हिंडतंय. घरात काळोख आणि कुठंतरी छपराचं कवेलू तापून कडकन वाजतं तेवढाच आवाज. अशा एका दुपारी मी माजघरातून जाताना टोपलीतली चादर पाहिली. दया आली म्हणा, हात शिवशिवले म्हणा. मी एक ओळ घालून टाकली.

संध्याकाळी वहिनींचा आवाज फुटला. ''आत्याबाई, एवढं मी नव्हतं केलं हो!''

आईनं बोरं चाचपली. ती घाबरली की तिच्या माहेरची अहिराणी बाहेर पडे. ''व माय! हाऊ तिनाच हात शे!''

खरंच होतं ते. शिकवणारीचा हात शिकणाऱ्यात उतरतोच. माझ्या अंगावर काटा आला. (आपलंच काम पाहून काटा यायचा हा माझा पहिला प्रसंग. पुढे हिशेब लिहिताना पुष्कळदा आला.)

तेव्हाच थांबायचं! पण एक बोर झालं की दुसरं घालावंसं वाटतं. मी दुसरी ओळ घातली, तिसरी घातली. आईनं माजघरात मोठीसाठी शिऱ्याची वाटी ठेवायला सुरुवात केली. ती मीच खात असे. भूत मीच असल्यानं त्यात मला काही गैर वाटलं नाही. पण वाटी रिकामी बघून घर आणखीच हादरलं. वहिनी भिंतीला पाठ लावून बसू लागल्या. एके दिवशी त्या रडत म्हणाल्या, ''मला चोपड्याला पोचवून द्या. काम त्याच करतात, जेवतात त्याच. मग माझी इथं काय गरज?''

ऐकून माझ्या पोटातला शिरा घट्ट झाला. मी मारुतीची शपथ घेतली: यापुढे चादरीला हात लावणार नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी चादर एका ओळीनं वाढली!

मी वाकून पाहिलं. बोरं टपोरी, अगदी नमुनेदार. पण मोठ्या वहिनींची आणि माझी बोरं एका अंगाला झुकत, ही बरोबर उलट्या अंगाला झुकलेली. आरशातून विणल्यासारखी! शंभर बैठका मारणारा मी भिंत धरून अंथरुणापर्यंत गेलो आणि आईला म्हणालो, ''मला एक ताईत बांध.''

पुढच्या दुपारी आईच्या किंकाळीनं मी उठलो. माजघराच्या अंधारात धाकट्या वहिनी बसल्या होत्या. न्हाऊन मोकळे सोडलेले केस, गळ्यात चमकणारा टाक, ओठ हलताहेत आणि डावा हात सुईसकट सपासप चाललेला.

''आत्याबाई, मीच आहे! मी मोजतेय नुसती!'' वहिनी दचकून उठल्या. ''मला डाव्या हातानं जमतं. लहानपणी डावा हात वापरला की आई फटके द्यायची, म्हणून लपून करत होते. कालची ओळ माझी आहे. बघा ना, कशी आलीय!''

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

''तुना नही हाऊ हात, पोरी!'' आई मागं सरत म्हणाली. ''तू तं उजवा हातवरी जेवस!''

''अहो, हात माझाच आहे!''

किंकाळी ऐकून आलेल्या नानांनी हळूच विचारलं, ''मग आधीच्या ओळी कुणी घातल्या?''

वहिनींचा हात खाली आला. ''त्या... नाही माहीत.''

मी दारात उभा होतो. आता एका वाक्याचं काम होतं. मी घसा खाकरला. तिघंही माझ्याकडे वळले. वहिनी तर अशा बघत होत्या, जणू त्यांना आधीच कळलंय. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, ''पाणी हवंय.''

यावलकडचा भगत आला. त्यानं धुरी केली आणि डावा हात मोठीचा असल्याचा निकाल दिला. (मी थरथरत होतो. ''या गड्याला कसली बाधा नाही, हाडाचा पहिलवान आहे,'' असंही त्यानं सांगितलं!) डाव्या हातात मोठीच्या नावाच्या वेगळ्या बांगड्या आल्या. चादर पुरी झाली आणि आळीतल्या बायका तिच्या पाया पडून गेल्या. वहिनी वर्षभर सांगत राहिल्या, ''मी केलीय ती.'' मग कमी सांगू लागल्या. मग थांबल्या. रांगोळी सुरेख आली की मोठीची, लोणचं मुरलं की मोठीचं. करपलं ते मात्र सगळं धाकटीचं.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वाढताना त्यांचा डावा हात तांब्याकडे गेला. त्यांनी उजव्या हातानं त्याला अलगद अडवलं आणि म्हणाल्या, ''राहू द्या अक्का, तुम्ही दमलात. मी देते.'' चेष्टेनं नव्हे. घरातल्या माणसाशी बोलावं तशा.

मला ठसका लागला. वहिनींनी पाणी पुढं केलं. मी प्यालो, जेवलो, पोळ्या छान झाल्यात म्हणालो, आणि घरी आलो.

आई नाही आता. तालीम मोडली, माझी मिशी पांढरी झाली, हसायला कुणी उरलेलं नाही. तरी मी वहिनींचा एक हात अजून देणं लागतो.