मावशीची पाण्याची गोळी

ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या हातात चार्जर ठेवणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांनीच दिलेल्या पगारावर माझं घर चालायचं, म्हणून तोंड शिवून बसलो.

मोबाईल नुकते स्वस्त झाले होते आणि आमच्या संस्थेच्या साहेबांना त्या डबड्यानं झपाटलं होतं. केजच्या एसटी स्टँडवर झोपणाऱ्या, ब्लडप्रेशर असलेल्या माणसांना फोन वाटायचे. रोज सकाळी 'गोळी घ्या' असा मेसेज येणार, तोही इंग्रजी अक्षरांत. गोळी घेतली की उलट '१' हा आकडा पाठवायचा. साहेब पुण्याहून गाडीनं येत, स्टँडवर उतरताना नाकाला रुमाल लावत आणि गरिबांच्या आरोग्यावर भाषण ठोकून परत जात.

त्यांतलीच एक मावशी. फलाटाच्या टोकाला राहायची, कॅन्टीनची भांडी घासायची. तिचा फोन कॅन्टीनच्या गल्ल्याशेजारी चार्जिंगला. लोडशेडिंगमुळं तो कायम तिथंच पडलेला. उत्तर गेलं नाही की साहेब माझ्यावर खेकसत. शेवटी मीच कॅन्टीनवाल्याला सांगितलं, "मेसेज आला की एक दाबून पाठवत जा."

"पाठवितो की. त्यात काय हाय?"

महिन्याभरात मावशी साहेबांची लाडकी झाली. एकही खाडा नाही! प्रेशर मात्र जिथल्या तिथं. म्हणून तिच्या गोळ्या वाढवल्या. त्या द्यायला गेलो, तर तिनं गाठोड्यातून आधीच्या सगळ्या पुड्या काढून पुढ्यात ठेवल्या.

"काहून घेत न्हाईस मावशी?"

"ही पाण्याची गोळी हाय दादा. घेतली की सारखं जावं लागतंय. स्टँडच्या संडासाला कुलूप. दिवसाउजेडी बाईमाणसानं कुठं बसावं? अन् रातच्याला अंधारात एकटीनं कुठं जावं?"

साहेबांना म्हणालो, बायकांना ही गोळी अवघड जाते, तेवढं कुलूप काढून घेऊ. "ते आपल्या योजनेत बसत नाही. मेसेज संध्याकाळी पाठवू," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाले. या माणसाला मूठभर गोळ्या चारून दिवसभर फलाटावर बसवावं, असं मनात आलं. मनातच राहिलं. मावशीची उत्तरं खोटी आहेत, हेही मी सांगितलं नाही. नोकरी प्यारी होती. साहेबांना नावं ठेवणारा मी त्यांच्याहून काही उंच नव्हतो.

पंधरा दिवसांनी मावशी संध्याकाळची भांडी घासता घासता कलंडली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. तिला जीपमध्ये घालत होतो तेव्हा गल्ल्याशेजारी फोन वाजला. कॅन्टीनवाल्यानं सवयीनं एक दाबला. मी पाहिलं आणि जीपमध्ये चढलो.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती तिसऱ्या दिवशी बोलली. शब्द जड येत होते. कॉटसमोरच्या दाराकडं डावा हात करून म्हणाली,

"हितं संडास जवळ हाय दादा. आता दे गोळी."