आईसाठी घेतलेला तळमजला

आईचे गुडघे गेले म्हणून आम्ही पनवेलमध्ये तळमजल्यावरचं घर घेतलं. ते दाखवलं वडिलांच्या ऑफिसातल्या मित्राने. ते जवळच्याच गावचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. "इथं पाणी भरतं का?" आईने तेव्हाच विचारलं होतं.

"नाय हो वहिनी, बिनघोर राहा."

दुसऱ्याच पावसाळ्यात, ऐन भरतीच्या वेळी, बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटं वर येऊ लागलं. शेजारी जिना चढून वर गेले. आईला ते जमेना. मी आणि वडिलांनी तिला जेवणाच्या टेबलावर चढवलं आणि दुपारभर आम्ही कमरेएवढ्या पाण्यात तिला धरून उभे होतो.

पाणी ओसरल्यावर काका थर्मासमधून चहा घेऊन आले. भिंतीवरची ओल पाहून सहज बोलून गेले, "भरतीला इथं पाणी येणारच. आमची मिठागरं होती ना इथं. वर नुसता भराव टाकलाय."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" आईने विचारलं.

"तुमाला तळमजलाच पायजे होता, वहिनी."

वडिलांनी थर्मास न उघडताच त्यांच्या हातात परत दिला.

पुढे आम्ही त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने गेलो. आईला खुर्चीत बसवून वर नेलं. त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. काका अजून बाजारात दिसतात, हात करतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.